दोन ब्रेकची गाडी

मी एक गाडी बोलतेय. चारचाकी, मागच्या चाकांच्या जोरावर चालणारी, रंग एके काळी निळा. आता कुठला म्हणायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं. बसून ऐका, उभ्यानं ऐका, पण मध्येमध्ये माझ्या बोनेटवर थापा मारू नका. लोकांनी जन्मभर मारल्या. बोनेटवर मारल्या आणि माझ्यात बसून एकमेकांनाही मारल्या. दोन्हींचा मला सारखाच कंटाळा आलाय.

दमलेय मी बाई. खोटं कशाला सांगू?

लोकांना वाटतं, गाडी अंतरानं दमते. साफ चूक. सरळ रस्त्यानं कुणी दमत नाही. सरळ रस्त्यावर तर कुठलाही बावळट स्वतःला राजा समजतो. पाय दाबला, झालं. मला दमवलं ते वळणांनी. वळणावर माणूस जसा असतो तसा उघडा पडतो, आणि इतकी उघडी माणसं बघून कोण दमणार नाही?

जन्म कारखान्यातला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. ठिणग्या, रंगाचा वास आणि माझ्यासारख्याच बहिणींची रांग. कुणाला कुणाची ओळख नाही.

माझा पहिला मालक शाळातपासनीस होता. भला माणूस, पण गाडी चालवण्याच्या बाबतीत अगदी भित्रा. वळण दिसलं की हॉर्न वाजवायचा, मग थांबायचा, मग मान लांब करून बघायचा, आणि मग तुडुंब भरलेलं पातेलं चुलीवरून उतरवावं तसा मला वळवायचा. सीटवरचं प्लास्टिक त्यानं शेवटपर्यंत काढलं नाही. दर उन्हाळ्यात ते त्याच्या पाठीला चिकटायचं आणि उतरताना फर्रकन आवाज यायचा. त्याच्या हाताखाली माझी सगळी तरुण वर्षं गेली आणि मला काय येतं हे मलाच कळलं नाही. तो गेल्यावर त्याची सून म्हणाली, "मामंजींची आठवण म्हणून ठेवली असती हो, पण जागा कुठेय?" आठवणींना जागा लागते हे तिचं खरंच होतं.

मग मास्तर आले.

बंद पडलेल्या सिमेंट कारखान्याच्या आवारात ते गाडी चालवायला शिकवायचे. परवान्यासाठी शिकवतात तसं नाही. गाडी ज्यांना आधीच येते, आणि येते म्हणून जे जास्त धोक्याचे असतात, अशांना ते वळणं शिकवायचे. मला बघायला आले तेव्हा बाकी गिऱ्हाइकांसारखं त्यांनी बोनेट उघडलं नाही. सरळ जमिनीवर पाठ टेकून माझ्या पोटाखाली शिरले. मग आत बसले आणि गल्लीच्या कोपऱ्यावरून एकदा जोरात वळवून आणली. माझी शेपूट किंचित सरकली. तपासनीसाच्या हाताखाली असं कधी झालं नव्हतं. मी लाजले. मास्तर मात्र हसले आणि विकणाऱ्याला म्हणाले, "ही शेपूट हलवते. हीच पाहिजे."

आजकालच्या गाड्यांना म्हणे मेंदू असतो. चाक घसरायच्या आत त्या स्वतःच सावरतात. असेल, मला काय त्याचं. ज्याची चूक दुसराच कुणी निस्तरतो तो काय डोंबल शिकणार? मी चूक तिथल्या तिथे दाखवायचे. गोड बोलणं मला कधी जमलं नाही आणि त्याचा मला पश्चात्तापही नाही.

मास्तरांनी माझ्या मागच्या सीट काढल्या, प्लास्टिक फाडून फेकलं आणि शेजारच्या सीटपुढे दुसरं ब्रेकचं पेडल बसवलं. खालून एक लोखंडी दांडी आणि ती चालकाच्या ब्रेकला जोडलेली. शिकवणाऱ्यानं शेजारी बसून दाबलं की माझे ब्रेक लागायचे. शिकणाऱ्याचं पेडलही आपोआप खाली जायचं, पण त्याचा पाय तेव्हा दुसरीकडे असला तर त्याला पत्ताही लागायचा नाही. हे नीट ध्यानात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्या दांडीवरून घडलंय.

सुट्टीच्या दिवशी क्लास भरायचा. एक दातांचा डॉक्टर यायचा. दोघे भाऊ यायचे, आपल्या गाडीचा आवाज आपल्या आधी पोचला पाहिजे अशा मताचे. बँकेतली एक कॅशियर बाई यायची, ती सगळ्यांत शहाणी, कारण ती घाबरून यायची. मास्तरांची बायको, जिला सगळे काकू म्हणत, एका टोकाला रबरी पाइप घेऊन उभी असायची. वळण ओलं करणं हे तिचं काम. गाडी मात्र तिनं कधी चालवली नव्हती. कुणी विचारलं तर म्हणायची, "घरात एकानं वेडं असलं की पुरतं."

मास्तरांचा पहिला धडा मला पाठ आहे. सगळ्यांना माझ्या चाकाशी उकिडवं बसवायचे आणि म्हणायचे, "टायर केवढा दिसतो? पण जमिनीला टेकतो तो तळहाताएवढा. चार तळहातांवर तुमचा जीव आहे. प्रत्येक टायरकडे पकड म्हणजे एकच घागर पाणी. सगळं ब्रेकवर ओतलंत तर वळायला थेंब उरणार नाही. म्हणून सरळ रस्त्यावरच ब्रेक लावून वेग कमी करा, वळणात फक्त वळा, आणि स्टिअरिंग सरळ होत जाईल तसतसे पळा. वळणात ब्रेक?"

"नाही!" सगळे ओरडायचे, आणि पाच मिनिटांत जाऊन तेच करायचे.

डॉक्टर तर फारच. ब्रेकला उशीर करायचा, मग सगळं एकदम हवं. मी नाक सरळ धरून बाहेर पळायचे. तो स्टिअरिंग आणखी फिरवायचा. अरे बाबा, पुढची चाकं आधीच घसरतायत, आणखी फिरवून ती ऐकणार आहेत का? मास्तर शांतपणे म्हणायचे, "डॉक्टर, दाढ उपटताय का? सोडा थोडं. सोडलंत की धरेल." आणि खरंच, तो जरा सैल झाला की मी वळायचे. मास्तरांचा पाय अशा वेळी त्या दुसऱ्या पेडलच्या बाजूला निवांत पडलेला असायचा. भाऊ असोत, कॅशियर असो, गाडी घसरून गोल फिरली तरी तो पाय हलत नसे. फार झालं तर स्टिअरिंगला दोन बोटं लावायचे. त्यांचा सगळा लौकिक त्या न हलणाऱ्या पायाचा होता.

आता तिच्याबद्दल सांगते.

मास्तरांना एकच मुलगी. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून बापानंच नाव पाडलं, भिंगरी. पाय पोचायला लागले तशी ती माझ्यावर शिकली, आणि खरं सांगते, माझ्या आयुष्यात मला कळलेला हात एकच, तिचा. ती ब्रेक दाबायची सगळ्यांसारखाच, पण सोडायची वेगळा. झोपलेलं मूल मांडीवरून खाली ठेवताना आपण हात कसा काढतो? एकदम नाही, अंदाज घेत. तसा. वळायला लागले तरी पाय हळूहळू उठतच असायचा. त्यानं माझं नाक खाली टेकलेलं राहायचं, पुढची चाकं जमिनीला घट्ट धरायची, आणि ती म्हणेल तिथे मी जायचे.

मास्तरांना हे पटत नसे. "हा हावरेपणा आहे," ते म्हणायचे. "ब्रेक वळणाआधी संपला पाहिजे."

"बाबा, झटकन सोडला की नाक उचलतं आणि ही बाहेर पळते. तुम्हीच बघा ना."

"मी जन्मभर बघतोय."

"मग आता मी चालवताना बघा."

कोण बरोबर होतं? दोघंही. नवख्यानं मास्तरांचंच ऐकावं, नाहीतर मरेल. पण ती नवखी नव्हती, आणि बापाच्या लेखी मुलगी नवखीच असते. त्याला कोण काय करणार?

मग मास्तरांचा गुडघा गेला. माझ्यात चढता-उतरताना कण्हायला लागले. क्लास आता दुसऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायला हवा होता. डॉक्टर तयारच होता. "मास्तर, तुम्ही फक्त नाव द्या, बाकी मी बघतो. इथे पत्र्याची शेड टाकू, कॉफीचं यंत्र ठेवू." माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यात आधी शेड यायची आणि मग वळण.

भिंगरी म्हणाली, "मी चालवीन."

ती औषधांच्या दुकानात काम करायची. तिथे दिवसभर डब्या रचताना तिच्या मनात एकच गोष्ट घोळत असायची, हे मला माहीत होतं. सुट्टीच्या दिवशी येऊन ती आधी माझ्या टायरवरून हात फिरवायची, माणसं आजारी मुलाचं कपाळ बघतात तसा.

त्या क्लासची एक रीत होती. ज्याला शिकवायचंय त्यानं आधी शिकवणाऱ्याला शेजारी बसवून सगळ्यांसमोर ओलं वळण मारून दाखवायचं. मास्तरांनी स्वतः त्यांच्या गुरूला असंच फिरवलं होतं. वळण ठरलेलं, आवाराच्या टोकाचं, जिथे ट्रक वळायचे. ते पुढे पुढे आणखी आवळत जायचं, म्हणून त्याला सगळे कोयता म्हणायचे. शेजारच्यानं तोंडातून शब्द काढायचा नाही, ही दुसरी अट.

काकूंनी कोयता भिजवला. सगळे वळणाच्या कडेच्या मातीच्या बांधावर उभे. भिंगरी बसली, शेजारी मास्तर. पहिली फेरी इतकी सुरेख झाली की मला वाटलं, आता मोडीत घातलं तरी चालेल.

दुसऱ्या फेरीत ती थोडी जास्त वेगानं आली. जास्त म्हणजे तिच्या हिशेबात बरोबर. ब्रेक लावला, वळायला लागली, पाय अलगद उठला, पूर्ण सुटला आणि ऍक्सिलरेटरवर टेकला. मी मधोमध, तराजूच्या काट्यासारखी. चारही चाकांत मास्तरांच्या घागरीतलं पाणी वाटलेलं, एक थेंब शिल्लक नाही.

आणि माझे ब्रेक लागले.

वजन सगळं पुढे आलं, मागची चाकं हलकी झाली, शेपूट सुटली. तिनं स्टिअरिंग शेपटीच्या दिशेला फिरवलं, वेळेवर, योग्य तेवढं. पण ब्रेक दाबलेलाच होता, मग मी कशी सावरणार? गरकन फिरले आणि पाठमोरी जाऊन वळणाबाहेर रचलेल्या टायरच्या ढिगावर आदळले. मागचा दिवा फुटला. काच पडल्याचा तेवढा एक आवाज.

मास्तर उतरले. चेहरा पांढराफटक. बांधापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वळणात ब्रेक लावलास."

"नाही लावला, बाबा."

"ब्रेक लागला की नाही?"

"लागला. पण मी…"

"मग काय, मी लावला?"

सगळे हसले. त्या दोघा भावांतला थोरला ओरडला, "भिंगरी ती भिंगरीच!" आणि आणखी हसले.

मास्तर खोटं बोलत नव्हते. हेच तर वाईट. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. ज्या पायाचा सगळीकडे लौकिक, तो पाय त्यांना न विचारता गेला होता. मी ओरडून सांगितलं असतं. पण गाडीला ओरडायला हॉर्न एवढाच गळा, आणि तोही दुसऱ्याच्या हातात.

भिंगरी हसली नाही, रडलीही नाही. मान खाली घालून ती आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिली.

त्यानंतर तिनं मला चालवणं सोडलं. कधी मला जागेवरून हलवायला बसावंच लागलं तर तो हात तोच नव्हता. ब्रेक असा लावायची जसा कुणी अनोळखी घराचा दरवाजा ठोठावतं. साध्या कोपऱ्यावर थांबायची. आणि पायाकडे बघायची, चोरी करून आलेल्या पोराकडे बघावं तशी. लोक म्हणाले, अपघाताची भीती बसली. कसली भीती? भीती असती तर बरं झालं असतं, भीती जाते. तिचा स्वतःच्या पायावरचा विश्वास उडाला होता. बाप एवढा मोठा शिकवणारा, तो म्हणतोय म्हणजे पायच खोटा. माणसांचं हे मला कधी उमगलं नाही. स्वतःला लख्ख जाणवलेलं सोडून देतात आणि दुसऱ्यानं मोठ्यानं म्हटलेलं धरून बसतात.

डॉक्टर आवारात टेप घेऊन शेडची मापं घ्यायला लागला.

एका दुपारी, क्लास नसताना, काकू आल्या. पदर खोचलेला, पायात चपला. मास्तर माझ्या फुटलेल्या दिव्याला नवी काच बसवत होते.

"मला शिकवा."

"काय?"

"गाडी. दुसरं काय शिकवता तुम्ही?"

"आता? या वयात?"

"का, वयाला काय शिंगं फुटलीत?"

मास्तरांनी हातातली काच खाली ठेवली. "अगं, तूच म्हणायचीस ना, घरात एकानं वेडं असलं की पुरतं."

"आता ते वेड एकट्याला जमेनासं झालंय. बसा त्या बाजूला."

बसल्या. पहिल्या गिअरमध्ये क्लच इतका वाईट सोडला की माझे दात कडकडा वाजले. पण चालायला लागले. पहिल्या गिअरमध्ये पाय काढला तरी मी आपली चालत राहते, माणसाच्या चालीनं. त्या चालीनं आम्ही आवारातून निघालो. काकू स्टिअरिंगला लोंबकळल्यासारख्या, आणि बडबड चालू.

"बसमध्ये बसलं की तुम्ही पाय कुठे ठेवता, माहितीय?"

"समोर बघ."

"बघतेय. पुढच्या सीटखाली दाबता. ड्रायव्हरनं वळवली की दाबता. मागच्या वेळी त्या बाईची पिशवी चेंबवलीत."

"अगं, समोर!"

"आणि माझ्या भावाच्या गाडीत बसलात तर त्याच्या चटईला भोक पडलं."

कोयता जवळ आला. काकूंनी स्टिअरिंग वळवलं, जरा जास्तच, आणि मी बांधाकडे सरकायला लागले. आणि मग त्या बाईनं काय केलं असेल? चपला खाली टाकल्या आणि दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले. सरळ मांडी घातली. माझ्या आयुष्यात स्टिअरिंगमागे मांडी घालून बसलेलं माणूस मी ते पहिलंच पाहिलं.

"बघा हं," त्या म्हणाल्या.

"अगं ए! ब्रेक!"

माझे ब्रेक लागले. क्लच सुटलेलाच होता, इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. मास्तरांचं डोकं पुढे झुकलं आणि परत सीटला आपटलं.

"एवढ्या जोरात कशाला लावलास ब्रेक?"

"मी?" काकू म्हणाल्या. "मी तर जेवायला बसल्यासारखी बसलेय. बघा की माझे पाय."

मास्तरांनी तिच्या पायांकडे बघितलं. तळवे वर, बोटं हलतायत. मग खाली, स्वतःच्या सीटपुढे बघितलं. त्यांचा बूट पेडलवर होता. अजून दाबलेलाच. पाय निघत नव्हता.

मी तापलेली, टिकटिक करत गार होत होते.

"डॉक्टरच्या वेळी असं होत नाही," शेवटी मास्तर म्हणाले. आवाज लहान मुलासारखा.

"डॉक्टर तुमच्या पोटचा नाहीये."

"मला कळलंच नाही गं."

"कळलं असतं तर मी आत्तापर्यंत तुमच्याशी बोलत असते का?" काकूंनी पाय खाली सोडले आणि चपला शोधायला लागल्या. "पण आता मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं तिला सांगा. आणि जेवढ्या लोकांसमोर तिला बोललात तेवढ्या लोकांसमोर सांगा. चहाच्या वेळी स्वयंपाकघरात कुजबुजायचं नाही, सांगून ठेवते."

पुढच्या सुट्टीला सगळे जमले. भिंगरी बापाच्या गुडघ्याचं मलम द्यायला आली होती, देऊन परत निघणार होती. मास्तर आधी डॉक्टरशी टायरच्या हवेबद्दल बोलले. मग कॅशियर बाईला आरसा कसा लावायचा ते सांगितलं, जो बरोबरच लावलेला होता. मग पाइप कुठे गळतोय ते बघून आले. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या. शेवटी त्यांनी नुसतं खाकरलं.

"त्या दिवशी," मास्तर माझ्या टपावर हात ठेवून म्हणाले, माझ्याकडेच बघत, "कोयत्यात ब्रेक मी लावला होता. हिनं नाही. हिचा पाय बरोबर होता."

कुणी हसलं नाही. थोरल्या भावानं गॉगल काढला आणि पुसायला लागला, काही नव्हतं त्यावर.

भिंगरी मलमाची पिशवी धरून उभी होती. म्हणाली, "मला वाटलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते, बाबा. तुम्ही म्हणालात, मग काय मी लावला. त्यावर सगळे हसले." तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मग मीच माझ्या पायाला खोटं ठरवलं. तुमचा शब्द की माझा पाय, यात तुमचा शब्द मोठा वाटला."

मास्तरांनी पाना घेतला, माझ्या शेजारच्या सीटखाली आडवे झाले, दुखरा गुडघा बाहेर ठेवून, आणि ती दांडी सोडवायला लागले. बोल्ट गंजलेला. मदतीला धाकटा भाऊ पुढे झाला तर म्हणाले, "लांब हो." निघायला वेळ लागला. इतकी वर्षं पोटात असलेलं लोखंड निघालं तेव्हा मला बरं वाटलं की रितं, ते अजून ठरलेलं नाही.

"बस," ते म्हणाले.

"आज नाही," ती म्हणाली, आणि गेली.

तुम्हाला वाटलं असेल, आता ती टुणकन उडी मारून बसेल. तसं नसतं. मोडायला एक वाक्य पुरतं, जोडायला पुरत नाही. ती आली पुढच्या महिन्यात कधीतरी. आधी कोरड्या जमिनीवर, आणि तेही शेजारी कुणी नको म्हणाली. पहिल्या दिवशी तर ब्रेक असा सोडला, जसं तापलेलं भांडं हातून टाकावं. मी नाक उचलून बाहेर पळाले. मी काही तिची कीव केली नाही. चूक होती, दाखवली. तिनं दात-ओठ खाल्ले आणि पुन्हा फिरून आली. पुन्हा तेच. पुन्हा. कित्येक सुट्ट्या अशा गेल्या. डॉक्टर एका बाजूला गप्प बसून बघायचा, टेप खिशात.

मग एकदा पाय अलगद उठला. तिलाही कळलं आणि मलाही. तिनं गाडी थांबवली, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाली, "आई, भिजव. बाबा, बसा."

मास्तर बसले. समोर पेडल नाही, नुसता पत्रा आणि बोल्टची भोकं. हात मांडीवर.

ती कोयत्यावर आली, त्या दिवशीच्याच वेगानं. कमी नाही. पाणी चाकांखाली फाटत होतं. तिनं ब्रेक दाबला, माझं नाक खाली गेलं, ती वळली, पाय उठत गेला, उठत गेला. वळण आवळलं. आणि माझ्या पत्र्यावर मास्तरांचा बूट दाबला गेला. पूर्ण ताकदीनं. खाली काहीच नव्हतं. पत्रा वाकला तेवढा वाकला, मी आपली वळत राहिले.

"बाबा, पाय," ती म्हणाली. नजर समोरच.

"दाबू दे गं. तिथे काही नाहीये."

"माहितीय."

आणि तिनं ऍक्सिलरेटर दिला, स्टिअरिंग सुटत सरळ झालं, आणि आम्ही बाहेर पडलो. तो बूट अजून पत्र्यावरच होता.

मास्तर उतरले. हो म्हणाले नाहीत, शाबास म्हणाले नाहीत, त्या पिढीच्या पुरुषांना ते शब्द अवघड पडतात. लंगडत काकूंकडे गेले आणि हातातला पाइप मागितला. "दे इकडे. आता हे काम माझं." काकूंनी पाइप दिला आणि म्हणाल्या, "सगळीकडे सारखं पाणी पडलं पाहिजे. येतं का तुम्हाला?"

डॉक्टरनं विचारलं, "मग मी?"

"तुम्ही," भिंगरी म्हणाली, "अजून स्टिअरिंग आवळता. पुढच्या सुट्टीपासून दोन बोटांनी."

तो आजही येतो. आजही आवळतो.

माझं म्हणाल तर मी संपले. तळ गंजला, मागचा आस वाकला. तिनं दुसरी गाडी आणली. तीही जुनीच, तीही शेपूट हलवणारी, आणि तिलाही शेजारी ब्रेक लावलाय. लावायलाच हवा, शिकाऊ माणसांच्या हाती जीव द्यायचा तर. त्यावर मी काही बोलणार नाही.

मला मोडीत घालायला कुणी तयार झालं नाही. इंजिन काढून घेतलं आणि कोयत्याच्या बाहेरच्या अंगाला, टायरच्या ढिगामागे आणून उभी केली. चाकांखाली विटा. पावसात गळते, उन्हात तडकते. चिमण्या शिरतात, शिरू देत. इथून मला प्रत्येक वळण दिसतं आणि प्रत्येकाची चूक दिसते. त्यानं थकवा काही कमी होत नाही. आपल्याला कळतं आणि आपलं काही चालत नाही, यासारखा शीण नाही दुसरा.

एक गोष्ट मात्र दर सुट्टीला होते. नवा माणूस कोयत्यावर येतो, गाडी थोडी घसरते, आणि घाबरून तो माझ्याकडे बघतो. इतकी मोठी मोकळी जमीन, पण नजर माझ्यावरच, कारण मी आपटण्याजोगी आहे. आणि नजर जिथे जाते तिथेच हात जातात. सरळ माझ्याच अंगावर येतो. भिंगरी शेजारून ओरडते, "त्या गाडीकडे नको! जिकडे निघायचंय तिकडे बघा!"

मलाही तेवढंच सांगायचंय, आणि मग मी गप्प बसते. माझी कीव करायला थांबू नका, फोटो काढू नका, माझ्यावर हळहळू नका. माझं सगळं झालंय. तुमचं वळण अजून अर्धं आहे. मान वळवा, नजर लांब टाका, पायाला जे कळलंय त्यावर विश्वास ठेवा आणि निघा. माझ्याकडे बघू नका.